बाणाच्या टोकासारखा नकाशा

नकाशे काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून वास्तुविशारद जॉर्ज हाइनने आखलेल्या लंडनजवळच्या मनोरुग्णालयांवर माझी नजर अडकली. बेक्सली १८९८ चं. तोच आराखडा जवळजवळ तसाच उचलून एप्समला हॉर्टन उभं केलं, १९०२ मध्ये. लाँग ग्रोव्ह १९०७ चं. एकेका ठिकाणी दोनेक हजार रुग्ण!

वरून पाहिलं तर बाणाचं टोक. वॉर्ड पायऱ्यांसारखे मागे सरकलेले, म्हणजे प्रत्येकाला दक्षिणेचं ऊन. मधोमध स्वयंपाकघर आणि मोठा हॉल. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. सगळ्यांना जोडणारा वळणावळणाचा बोळ.

उन्हाचा विचार मला फार आवडला. पण नकाशावर बोट फिरवताना तो बोळ काही केल्या संपेचना.