बैलगाड्यांच्या चाकोरीने पश्चिमेकडे : नेब्रास्का-वायोमिंगमधली ओरेगन ट्रेल

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की डेन्व्हरकडची मराठी मंडळी यलोस्टोन नाहीतर माउंट रशमोर गाठतात. दोन्ही सुंदरच आहेत. पण वाट थोडी वाकडी केली, तर हा देश पश्चिमेकडे कसा सरकत गेला ते प्रत्यक्ष जमिनीवर पाहायला मिळतं. आम्ही यंदा तेच केलं. सोबत सासरे, म्हणजे अण्णा होते. बारामतीकडचे शेतकरी, तरुणपणी बैलगाडी हाकलेले.

निघण्याआधी घरच्यांना एवढं सांगून ठेवा. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला आणि देशाचा आकार दुप्पट झाला. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना या व्यवहारात कुणी विचारलं नाही. पुढे १८४६ मध्ये ब्रिटनशी करार होऊन ओरेगन मिळालं, १८४८ मध्ये मेक्सिकोला हरवून कॅलिफोर्निया. वस्तीसाठी पश्चिमेकडे निघालेल्यांच्या बैलगाड्यांची वाट म्हणजे ओरेगन ट्रेल. मिसूरीतल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगन सिटीपर्यंतची ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. १८६९ मध्ये रेल्वे जोडली जाईपर्यंत तिच्यावरून आणि तिला फुटलेल्या कॅलिफोर्निया-युटाच्या वाटांवरून तीन ते चार लाख माणसं गेली. गाडीत सामान असायचं, त्यामुळे बहुतेक जण चालतच जायचे. मरणारे सर्वांत जास्त मेले ते पटकीने आणि इतर आजारांनी.

डेन्व्हरहून पहाटे निघालात तर साडेतीन तासांच्या आत नेब्रास्कातल्या स्कॉट्स ब्लफला पोचता. नॉर्थ प्लॅट नदीकाठी उभा राहिलेला हा सुळका नदीपासून सुमारे आठशे फूट उंच आहे. माथ्यापर्यंत तीन बोगद्यांतून गाडीरस्ता जातो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही वर जाता येतं. दरड किंवा बर्फ असेल तर रस्ता बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. खाली मिचेल पासमध्ये जुन्या पद्धतीच्या गाड्या उभ्या केल्या आहेत. तिथल्या माहिती केंद्रातली विल्यम हेन्री जॅक्सनची चित्रं सावकाश बघा. हा चित्रकार १८६६ मध्ये स्वतः बैल हाकत या वाटेने गेला होता. चिम्नी रॉक इथून पूर्वेला अर्ध्या तासावर आहे. वेळ कमी असेल तर तो सोडा.

पुढे महामार्ग २६ धरून वायोमिंगमध्ये शिरताना मॉरिल गावाजवळ हॉर्स क्रीक लागतो. पाहण्यासारखं तिथे फारसं काही नाही, तरी गाडी थांबवाच. १८५१ मध्ये इथे लाकोटा, शायान, अरापाहो आणि इतर जमातींची दहा हजारांवर माणसं करारासाठी जमली होती. बोलणी पुढे लागणाऱ्या फोर्ट लॅरमी या लष्करी ठाण्यावरच व्हायची होती, पण इतक्या घोड्यांना तिथे चारा पुरेना, म्हणून सगळा मेळा इकडे हलवावा लागला. वाटेला आणि लष्करी ठाण्यांना परवानगी द्यायची, त्याबदल्यात सरकार पन्नास वर्षं दरसाल पन्नास हजार डॉलरचा माल देणार, असं ठरलं. नंतर सिनेटने पन्नासची दहा वर्षं केली.

तीनच वर्षांनी, लिंगल गावाजवळ, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या एका प्रवाशाची गाय लाकोटांच्या तळात शिरली आणि मारली गेली. प्रमुख काँकरिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. तरी लेफ्टनंट ग्रॅटन एकोणतीस शिपाई, एक दुभाषी आणि तोफा घेऊन तळावर चालून गेला. काँकरिंग बेअर जखमी होऊन मेला, आणि ग्रॅटनच्या तुकडीतलं कुणीही वाचलं नाही. पुढच्या वर्षी लष्कराने ब्लू वॉटर क्रीकच्या काठी लाकोटांवर हल्ला करून, बायकामुलांनाही मारून सूड घेतला. अण्णांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाटसरूला वाट देणं वेगळं आणि वाट आपली म्हणणं वेगळं."

फोर्ट लॅरमीला निदान अर्धा दिवस ठेवा. १८३४ मध्ये कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं हे ठाणं १८४९ मध्ये लष्कराने चार हजार डॉलरला विकत घेतलं. प्रवेश फुकट आहे. 'ओल्ड बेडलम' ही १८४९ची अधिकाऱ्यांची इमारत अजून उभी आहे. १८६८ चा दुसरा करारही इथलाच. त्यात ब्लॅक हिल्स लाकोटांना कायमचे दिले होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये ते डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण ती रक्कम लाकोटांनी आजही उचललेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. माउंट रशमोर त्याच डोंगरांत आहे. तुमच्या बेतात दोन्ही असतील तर आधी फोर्ट लॅरमी करा, मग रशमोर.

या सगळ्या वाटेवर मला सर्वांत जास्त कुणी दिलं असेल, तर ग्वर्न्सी गावाबाहेरच्या चाकोऱ्यांनी. नदीकाठची जमीन अशी की जवळपास प्रत्येक गाडीला याच एका खडकाच्या धारेवरून जावं लागे. मऊ वालुकाश्म कापत कापत चाकं काही ठिकाणी पाच फूट खोल गेली आहेत. आत उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या भिंती छातीपर्यंत येतात आणि खडकावर चाकांच्या तुंब्यांनी घासलेल्या खुणा दिसतात. अण्णा उकिडवे बसले, वितीने मापू लागले. "घोडे का बैल?" त्यांनी विचारलं. बहुतेक बैल, मी म्हटलं. घोड्यापेक्षा स्वस्त आणि रानातल्या गवतावर निभावणारे. ते हसले. "मग बरोबर. चढाला बैलच." मग त्यांनीच बाजूची खडकात झिजलेली अरुंद पायवाट दाखवली, गाडीबरोबर चालणाऱ्यांची. मी एकटी असते तर ती मला दिसलीच नसती.

वाहनतळापासून वाट छोटी आणि बांधलेली आहे, थोडा चढ आहे. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. तिरप्या उन्हात चाकोऱ्या उठून दिसतात आणि दुपारी सावली नावालाही नसते. वाट सोडून गवतात शिरू नका, रॅटलस्नेक असतात. रजिस्टर क्लिफ जवळच आहे. तिथे प्रवाशांनी कोरलेली नावं बघा. अलीकडच्या काळात त्यांवरच आपली नावं खरवडणारेही आहेत, ते पाहून जीव तुटतो.

कॅस्परला मुक्काम करा. तिथल्या नॅशनल हिस्टॉरिक ट्रेल्स केंद्रात मुलं रमतात. पुढच्या टप्प्यासाठी टाकी इथेच भरा, पाणी भरपूर घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण मैलोन्‌मैल सिग्नल नसतो. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर ठेवा, छोट्या गावांत बटाट्याशिवाय फार काही मिळत नाही. वारा इतका असतो की टोपीला बंद हवाच, आणि गाडीचं दार हाताने धरूनच उघडा.

इंडिपेन्डन्स रॉक कॅस्परपासून तासाभरावर, रस्त्यालगतच आहे. चार जुलैच्या सुमारास इथे पोचलं तर बर्फाआधी डोंगर ओलांडता येतील, असा हिशेब असायचा. कोणी नावं कोरली, कोणी वंगणाने लिहिली. वर चढायला पक्के तळवे असलेले बूट घाला.

साउथ पासला घाटाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. सात हजार चारशे फुटांवरचं ते रुंद माळरान आहे. आपण खंडाचा पाणलोट, म्हणजे जिथून पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला वेगळं होतं ती रेषा, ओलांडला हे कित्येक प्रवाशांना कळतही नसे. पण याच सपाटीमुळे बैलगाड्या रॉकी पर्वत ओलांडू शकल्या. तरुणपणी याच वाटेने पश्चिमेला गेलेल्या एझ्रा मीकरने १९०६ मध्ये, पंचाहत्तरीत, पुन्हा बैलगाडीने उलट प्रवास करत या वाटेवर खुणेचे दगड बसवले, त्यांतला एक इथे आहे. तिथवरचा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असेल तर महामार्ग २८ वरूनच बघा.

परत फिरण्याआधी लँडरला एक रात्र काढा आणि विंड रिव्हर राखीव क्षेत्रात जाऊन या. पूर्व शोशोनी आणि उत्तर अरापाहो लोक तिथे राहतात. फोर्ट वॉशाकीला शोशोनी प्रमुख वॉशाकी यांची समाधी आहे. दफनभूमीत वाहिलेल्या वस्तूंना हात लावू नका, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. लँडरहून डेन्व्हर साडेपाच ते सहा तास. ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर निघताना रॉलिन्सच्या बाजूचा महामार्ग ८० सुरू आहे का ते बघूनच निघा. वाऱ्या-बर्फाने तो वरचेवर बंद होतो.