त्याचं ‘हो’

झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बंधपत्र झालं. जामीनदार म्हणून माझी सही झाली. उद्या साडेनऊला माझ्या भावाला, बाळ्याला, व्यसनमुक्ती केंद्रात सोडायचंय. सगळं ठरल्यासारखं झालं, मग हे पोटात काय ढवळतंय?

न्यायाधीश बाईंनी त्याला विचारलं, “उपचार घ्यायला तुमची संमती आहे?” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो म्हणाला, “हो.” एवढंच झालं.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ३९ मला आता पाठ आहे. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता उपचारासाठी सोडता येतं, पण त्याची संमती हवी. त्याची. माझी नाही. आणि समोर तुरुंग दिसत असताना ‘नाही’ म्हणणार तरी कोण?

वकीलसाहेब म्हणाले, “ताई, एवढं खोलात शिरू नका. माल पाच ग्रॅमच्या आत होता म्हणून हे कलम तरी मिळालं.” खरंय. ब्राउन शुगर पाच ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’. आईच्या बांगड्या कुठल्या प्रमाणात बसतात, ते विचारायचं राहिलं. असो.

पण ते बघणं. आई “जेवलास का?” विचारायची तेव्हाही हा आधी माझ्याकडे बघायचा. भूक त्याची, उत्तर माझं. आज मान हलवली नसती तर? गप्प राहिला असता? की तरीही ‘हो’ म्हणाला असता? आता कसं कळणार.

सही करताना त्याचा हात इतका थरथरला की शेवटचं अक्षर खालच्या ओळीवर घसरलं. कारकून म्हणाला, “चालेल.” मग कागद माझ्यापुढे सरकवून जागेवर नुसतं बोट ठेवलं. दवाखान्यात नातेवाईक मी, ठाण्यात मी, इथेही मीच. माझी संमती आहे का, हे आजवर एकाने विचारलेलं नाही.

घरी येताना हिशोब मांडला. कैद झाली असती तर जास्तीत जास्त एक वर्ष. या वाटेने उपचारांचा अहवाल द्यायला वर्षापर्यंतची मुदत, तो बरा आला तर समज देऊन सोडणार, आणि वर तीन वर्षांपर्यंतचं नवं बंधपत्र. बाळ्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, “जेलच बरं होतं गं, लवकर सुटलो असतो.” मला हसू फुटलं. मग त्यालाही. किती महिन्यांनी! आणि हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

केंद्रात नाडीचे पायजमे चालत नाहीत म्हणे. इलॅस्टिकचे दोन शोधायला हवेत. उद्या तिथल्या फॉर्मवरही संमतीचा रकाना असणारच. तेव्हा मी पाणी प्यायला उठून जाणार आहे. बघू कुणाकडे बघतो ते.