तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रिशियनला जास्त मिळतात की शिक्षकाला?

निकाल लागले की पालक हे विचारतातच, आणि त्यांना एकच आकडा हवा असतो. तसा आकडा नाही. कोणत्या वयाला, कोणत्या नेमणुकीवर आणि वर्षातले किती महिने पैसे येणार, हे धरल्याशिवाय तुलना होत नाही.

प्राथमिक शिक्षकाचं पाहा. बारावीनंतर दोन वर्षं डी.एल.एड. ही शिक्षकाची पदविका (लोक अजून डी.एड.च म्हणतात), मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, जाहिरातीची वाट. जिल्हा परिषदेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन महिना १६,०००. १ जानेवारी २०२३पूर्वी ते ६,००० होतं. नियमित झाल्यावर एस-१० या वेतनश्रेणीत मूळ वेतन २९,२००, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. दहा वेतनवाढींनंतर मूळ ३९,२००. म्हणजे शिक्षणसेवक असतानाच्या तीन वर्षांत नियमित शिक्षकापेक्षा नुसत्या मूळ वेतनाच्या हिशेबानं ४,७५,२०० रुपये कमी मिळतात. शिकून, परीक्षा देऊन आलेल्या माणसावर हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे झालं सरकारी नोकरीचं. अंशतः अनुदानित शाळेत टप्पा किती, म्हणजे पगारातला किती टक्के वाटा सरकार देतं, ते विचारा. विनाअनुदानित शाळेत ‘नियमानुसार वेतन’ या शब्दांवर जाऊ नका. बँकेत किती जमा होतात आणि मे महिन्याचा पगार देतात का, ते आधीच्या शिक्षकाला विचारा.

इलेक्ट्रिशियन दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय आणि पुढे अप्रेंटिसशिप करून विशीच्या आत कमावता होतो. कारखान्यात पहिला प्रश्न: कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीचा कर्मचारी) की कंत्राटदाराकडे? सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते, त्यामुळे हातातली रक्कम वेगळी काढा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा. पगारपत्रकावर तो स्वतंत्र दिसत नसेल तर बहुधा साध्याच दरानं देतात.

स्वतःचं काम असेल तर समजा रोज ९०० आणि महिन्याला २२ दिवस, म्हणजे १९,८००. त्यातून पेट्रोल, हत्यारं, हेल्परची मजुरी. पैसे बुडतात ते शेवटच्या टप्प्यात: पाइप टाकून झाले, वायर ओढली, बोर्ड बसले आणि घरमालक फोन उचलत नाही. म्हणून मजुरी आणि माल वेगळे लिहून घ्यावेत आणि मजुरी टप्प्यानं घ्यावी: पाइपनंतर ४० टक्के, वायरनंतर ४०, बोर्ड बसवताना २०. तारतंत्री (वायरमन) परवाना काढला की रीतसर कामं मिळतात.

माझं उत्तर असं: पंचविशीपर्यंत इलेक्ट्रिशियन पुढे, तिशीनंतर नियमित सरकारी शिक्षक पुढे. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक मात्र चांगल्या इलेक्ट्रिशियनच्या मागेच राहतो.

दोन्हीची ओढ असेल तर आयटीआयनंतर एक वर्षाचा सीआयटीएस (निदेशकांसाठीचा प्रशिक्षणक्रम) करून शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयमधला शिक्षक, होता येतं. तिथेही नेमणूक नियमित की तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरते पैसे), ते विचारा. तासिकेवर सुट्टीचे पैसे नसतात.