मार्जिन निगेटिव्ह

दुपारी साडेबाराला रिसेप्शनवरची मुलगी दारातूनच म्हणाली, "मॅडम, एक काका कालपासून बसलेत. रिपोर्ट घेतलाय, तरी जात नाहीत. ज्यांनी सही केली त्यांनाच भेटायचंय म्हणतात."

पॅथॉलॉजिस्टला भेटायला सहसा कुणी येत नाही. पेशंट आम्हाला भेटतो तो फॉर्मलिनच्या बरणीत, मेणाच्या ठोकळ्यात, नाहीतर काचेवर. मिरजेत इतकी वर्षं काम करतेय, पण रस्त्यात मला ओळखणारा पेशंट एकही नाही. ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले आणि बाहेर आले.

काका पंचावन्नच्या आसपासचे, जत तालुक्यातले. गावात किराणा दुकान. बायकोच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झालेला. वीस-पंचवीस वर्षं मिशरी लावायची सवय. दहा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. सर्जन परगावी, गुरुवारी येणार. रिपोर्ट हातात पडला मंगळवारी संध्याकाळी. त्यांनी तो उघडला, इंग्रजी अक्षर लावत लावत वाचला आणि एका ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या.

ती ओळ माझीच. ऑल मार्जिन्स निगेटिव्ह.

"मुलाला पुण्याहून बोलावून घेतलंय," ते म्हणाले. "हिला अजून सांगितलं नाही. मॅडम, किती दिवस आहेत तेवढं सांगा."

मला क्षणभर काही कळेना. त्या रिपोर्टइतका चांगला रिपोर्ट मी त्या आठवड्यात दुसरा लिहिला नव्हता.

"काका, निगेटिव्ह म्हणजे चांगलं. कोरोनाच्या वेळी नव्हतं का?"

"ते कळतं हो. कोरोना निगेटिव्ह चांगलाच. पण हे मार्जिन आहे." त्यांनी रेघांवर बोट ठेवलं. "तीस वर्षं दुकान चालवतोय. मार्जिन निगेटिव्ह गेलं की माणूस बुडाला."

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकलं होतं कुठे? मार्जिन हा शब्द ते माझ्यापेक्षा जास्त वेळा वापरत असणार.

त्यांना आत केबिनमध्ये बसवलं. नासका बटाटा चिरताना आपण डागाला अगदी चिकटून सुरी लावत नाही, थोडा चांगला भागही बरोबर काढून टाकतो. सर्जनही तसंच करतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये साधारण सेंटिमीटरभर लांबून कापतो, कारण मांस कापलं की आकसतं. मग तो तुकडा माझ्याकडे येतो. कुठली बाजू वरची आणि कुठली पुढची हे कळावं म्हणून सर्जनने टाके घातलेले असतात, एक लांब, एक आखूड. मी त्या कापलेल्या कडांना शाई लावते. काळी, निळी, हिरवी, प्रत्येक बाजूला वेगळी. ती सुटू नये म्हणून वर व्हिनेगरचा हात फिरवते. त्यानंतर पातळ काप काढायचे. मायक्रोस्कोपखाली मी शोधत असते ते एवढंच, की कॅन्सर त्या शाईपर्यंत पोचलाय का. पोचला असेल तर मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे थोडा आत राहिला असण्याची भीती. नसेल पोचला तर निगेटिव्ह.

"तुमच्या बायकोच्या पाचही बाजू निगेटिव्ह आहेत. चार कडा आणि खालचा तळ. मानेतल्या गाठीही स्वच्छ आहेत. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा का, ते सर्जन ठरवतील. पण तुम्ही समजलात तसं काही नाही."

काका गप्प. रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उलगडली. डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. मग म्हणाले, "पोराला परत पाठवू का मग?"

"आलाच आहे तर आईला भेटू दे की."

ते गेले आणि मी जेवणाचा डबा तसाच ठेवून शब्दकोश उघडला. एका शब्दाने माणसाला रात्रभर बाकावर बसवून ठेवलं, आणि तो शब्द मी वीस वर्षं न ऐकता लिहीत आले होते.

मूळ लॅटिन मार्गो, म्हणजे कड, काठ. इंग्रजीत चौदाव्या शतकात आला तेव्हा तळ्याचा, समुद्राचा काठ या अर्थी. मग पानाची कड, आणि कडेला सोडलेली कोरी जागा. आपण शाळेत वहीला डावीकडे पट्टीने रेघ मारून सोडायचो तो समास. (व्याकरणात समास म्हणजे जोडणं आणि वहीत समास म्हणजे सोडणं, हे एक आपलंही कोडंच.) 1637 च्या सुमारास फ्रेंच गणिती फर्माने प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसच्या पुस्तकाच्या कडेला एक प्रमेय मांडून लिहून ठेवलं की माझ्याकडे याची अप्रतिम सिद्धता आहे पण या समासात मावत नाही. त्याच्या त्या लॅटिन वाक्यातही हाच शब्द आहे, मार्जिनिस. ती सिद्धता मिळायला 1990 चं दशक उजाडलं. कोऱ्या जागेवरून हातात राखलेली जागा, राखलेला वेळ, राखलेले पैसे, आणि तिथून खरेदी-विक्रीत सुटणारी रक्कम. काकांचं मार्जिन हे.

शब्दाचं गोत मोठं आहे. इंग्रजी मार्क त्याच कुळातला, जुना अर्थ सीमा. डेन्मार्कमधलं मार्क तेच. सरहद्दीवरचा सरदार तो जर्मनीत मार्कग्राफ, फ्रान्समध्ये मार्की. आणि फारसीत सीमेला मर्झ म्हणतात, सीमेचा राखणदार मर्झबान. इथे मी थबकले. शिकत असताना मुंबईत फोर्टमधल्या मर्झबान रोडवरून कितीदा गेले असेन. 1822 मध्ये मुंबई समाचार सुरू करणारे फर्दुनजीही मर्झबानच. म्हणजे मी रोज शाई लावून ज्याची राखण करते, ते नाव त्या पाटीवर होतं.

शब्दकोश मिटल्यावर मात्र एक गोष्ट खटकली. काका आणि मी, दोघंही मोजतो ते अंतरच. त्यांचं खरेदी आणि विक्रीमधलं, माझं गाठ आणि शाईमधलं. दोघांनाही ते जास्त हवं असतं. काकांचा अर्थ मूळ शब्दाला धरूनच आहे. वाकडी वाट धरली ती आम्ही डॉक्टरांनी, अंतर सांगायचं सोडून ‘सापडलं नाही’ याला निगेटिव्ह म्हणून. आकडा खाली तपशिलात होता, पण तिथवर कोण वाचतो?

तेव्हापासून रिपोर्टच्या शेवटी मी मराठीत एक ओळ घालते: ‘कापलेल्या कडांपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही. सर्वांत कमी अंतर इतके मिलिमीटर.’ पोचलेला असेल तर ओळ घालत नाही, सर्जनला फोन करते.

गुरुवारी काका सर्जनला भेटून परत खिडकीशी आले. बरोबर मुलगा.

"मॅडम, एक राहिलंच. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह जाऊ दे, सुटलं किती?"

"सर्वांत कमी आहे ते तळाशी, सहा मिलिमीटर. पाचच्या वर असलं की आम्ही पुरेसं धरतो."

त्यांनी बोटांच्या चिमटीत सहा मिलिमीटर धरून पाहिलं आणि मुलाकडे वळले.

"साखरेत आपल्याला एवढं कधी सुटलंय का रे?"