हनोईतलं मतदान : नावावर काट मारायची

23 मे 2021, रविवार. सकाळी सहाच्या आधीच गल्लीतल्या भोंग्यावर गाणी सुरू झाली आणि पाठोपाठ राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या मतदानाला चला अशी हाक. आमच्या घरमालकीण ठेवणीतला पोशाख घालून, मास्क लावून निघाल्या. इथे वयानं मोठ्या माणसाला 'बाक' म्हणतात, आपल्या काका-काकूंसारखं. मीही त्यांना बाकच म्हणते.

व्हिएतनाममध्ये मत देणं म्हणजे नावावर काट मारणं. आपल्यासारखं चिन्ह नाही, बटण नाही. मतपत्रिकेवर साधारण पाच नावं असतात, निवडायचे तिघे. नको असलेली दोन नावं पेनानं खोडायची. बाकनी परत आल्यावर सहज सांगितलं, "नवऱ्याचं आणि मुलाचंही मीच टाकून आले." कायद्यात ज्याचं मत त्यानंच द्यायचं असं स्पष्ट आहे, पण घरातल्या एकानं सगळ्यांची मतं टाकणं इथे सर्रास चालतं. त्या वर्षी मतदान 99.6 टक्के नोंदलं गेलं. तो आकडा वाचताना मला बाकच्या हातातली तीन मतदार-कार्डं आठवली.

खरी काट मात्र आधीच मारलेली असते. उमेदवारांची यादी पितृभूमी आघाडी ही इथल्या एकमेव पक्षाच्या, कम्युनिस्ट पक्षाच्या छत्राखालची संघटना तीन फेऱ्यांत गाळून घेते. स्वतःहून उभं राहायची मुभा कायद्यात आहे, पण राहत्या वस्तीत आणि कामाच्या ठिकाणी बैठक बसते आणि निम्म्याहून जास्त लोकांनी विश्वास दाखवावा लागतो. 2016 मध्ये शंभराहून अधिक जण असे स्वतःहून पुढे आले होते. शेवटच्या यादीत उरले 11, निवडून आले 2. शेजाऱ्यांसमोर उभं राहून त्यांच्याच हातून नाकारलं जाणं केवढं जिव्हारी लागत असेल!

2021 मध्ये 499 जण निवडून आले, त्यात पक्षाबाहेरचे 14. तरी ही राष्ट्रीय सभा अगदीच मुकी नाही, हेही सांगायला हवं. मंत्र्यांची प्रश्नोत्तरं टीव्हीवर थेट दाखवतात. 2010 मध्ये तर तिनं सरकारचा 56 अब्ज डॉलरचा वेगवान रेल्वेचा प्रस्ताव चक्क फेटाळला होता. धोरणावर वाद होतो. सत्ता कुणाची, यावर नाही. पक्षाचं नेतृत्व घटनेच्या चौथ्या कलमातच लिहून ठेवलंय.

संध्याकाळी बाकना मी फोनवर माझा जुना फोटो दाखवला, साताऱ्यात मत देऊन आल्यावरचा, बोटाला शाई लागलेली. आमच्याकडे सरकारं पडतात, हे सांगितल्यावर त्या चमकल्या.

"पडल्यावर ती माणसं जातात कुठे?"

"तिथेच असतात. समोरच्या बाकांवर बसतात आणि नव्या सरकारला जाब विचारतात."

"आणि त्यांना कोणी काही करत नाही?"

मी नाही म्हटलं. त्यांनी तो फोटो पुन्हा मागून घेतला, दोन बोटांनी मोठा केला आणि शाईची रेघ कितीतरी वेळ पाहत राहिल्या.