पद्मिनी अपडेट: जाळीचा पेपर वापरून बघितला

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा मागचा डावा मडगार्ड एकदाचा पुट्टीतून (पत्र्याचे खड्डे भरायचा लेप) बाहेर आलाय, आणि यावेळी सगळं कोरडंच घासलं, पाण्याचा थेंब लावला नाही. आपल्याकडे पेंटर लोक पुट्टीवरसुद्धा बादली घेऊन वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारतात, धूळ उडत नाही म्हणून, पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते राव, पिनहोलमधून (सुईच्या टोकाएवढी भोकं) ते पत्र्यापर्यंत जातं आणि वर कितीही भारी रंग मारा, नंतर फोड येतातच. त्यात आमचा कोल्हापूरचा जुलै, वाळायचं नावच नाही.

म्हणून मिर्का कंपनीचं अब्रानेट मागवलं, घासायचंच. हा कागद नाहीच, कापडी जाळी आहे आणि तिच्यावर दाणे, त्यामुळे ब्लॉकला (ज्यावर जाळी लावून घासतो तो ठोकळा) व्हॅक्यूमची नळी जोडली की भुकटी जाळीतूनच खेचली जाते. साधा कोरडा पेपर पुट्टीवर चार हात मारले की चोंदतो, झटकत बसायचं, हे शेवटपर्यंत कापत राहतं. महाग आहे, पण एक तुकडा इतका चालतो की हिशोब बसतो. दाण्याचा नंबर जितका मोठा तितका बारीक: ८० ने आकार, १५० ने ओरखडे, २४० वर थांबलो. मास्क मात्र लावाच, व्हॅक्यूम असला तरी.

आता खरी गंमत, मागच्या मडगार्डवरचे ते उभे, धारदार पंख. पद्मिनी घेतली म्हणजे ती धार जपायची, नाहीतर गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते 😀 तिथे जाळी नको, धारेवर अडकते आणि फाटते. मी धारेवर मास्किंग टेप लावली, दोन्ही बाजू ठोकळ्याने वेगवेगळ्या घासल्या, मग टेप काढून नुसत्या हाताने जुना ४०० चा पेपर अगदी हलका फिरवला. काळ्या स्प्रेचा हलका फवारा घासण्याआधी मारून ठेवलेला, घासल्यावर जिथे काळं उरलं तिथे खड्डा. डोळ्याला दिसत नाही ते यात दिसतं.

अजून एक, पेपरच्या मागे आकड्याआधी 'पी' छापलाय का बघून घ्या, पी म्हणजे दाण्याचं युरोपियन माप, बिना-पीचं अमेरिकन. २२० पर्यंत फार फरक पडत नाही, पण पी ४०० म्हणजे बिना-पीच्या ३२० च्या आसपास, दोन्ही मिसळून वापरले की ओरखडे रंगातून वर दिसतात आणि आपण शिव्या देतो प्रायमरला.

काळ्या वॉटर पेपरला सुट्टी नाहीये हां, प्रायमर बसला की त्यावर ६००-८०० ओलाच मारणार, तिथे त्याला तोड नाही.

प्रायमर आता पावसाने उघडीप दिली की. तोवर पुढचा मडगार्ड घेतोय, हेडलाइटभोवती गोलाई बेकार आहे, तिथे मऊ फोमच्या पॅडवर ही जाळी कुणी चालवलीय का? कडक ब्लॉकने तिथे चपटं होणार हे दिसतंयच.