थोरला कुठे असेल?

शुक्रवार, ३ एप्रिल. रात्री दहा.

आज उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन या वेळात येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी मनने मांडली आणि त्यांतला दुसरा उद्गार यंदा माझ्या वाट्याला आला होता. सोलापूरचे ऊन अजून मे महिन्याचे झालेले नाही, तरी चर्चचे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते आणि बायका वर्तमानपत्राच्या घड्यांनी वारा घेत होत्या. "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे वाक्य मी, येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या ज्या चोराला ते म्हटले गेले, त्याच्या बाजूने वाचून दाखवले. हा माणूस धड बाप्तिस्मा घेतलेला नाही, चोरलेले परत केलेले नाही, आणि तरीही सर्वांत आधी आत गेला, असे मी म्हणालो. बोलणे जमले असे त्या वेळी मला वाटलेही होते.

उपासना संपल्यावर फाटकापाशी आमच्या गल्लीतल्या आत्यांनी गाठले. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, परंतु सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणते. त्यांनी विचारले, "गुर्जी, चोराला त्याच दिवशी नेलं म्हणालात. मग माझा थोरला आता कुठं असंल?"

थोरला यंत्रमागावर चादरी विणत असे. हात चांगला होता, पण पगाराचा वार आला की घरी पोहोचत नसे. दारूपायी प्रकृती गेली, त्याआधी बायकोचे मनगट त्याने मोडले होते, आणि चर्चची पायरी तर पंधरा वर्षे चढला नव्हता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास तो गेला, तेव्हा कबरीपाशी बोलायला आलेल्या एका पाहुण्या उपदेशकांनी, जिवंतांनी तरी धडा घ्यावा म्हणून, "आता दार बंद झाले आहे" असे स्पष्ट सांगितले होते. आत्या ते वाक्य दोन वर्षे उशाशी घेऊन निजत आहेत, हे मला आज कळले.

मी म्हणालो, "आपण प्रार्थना करू." हे उत्तर नव्हते, ती पळवाट होती, आणि आत्यांना ते समजले.

शनिवार, ४ एप्रिल. दुपार.

आजचा दिवस मधला. ख्रिस्त कबरेत आहे आणि आमच्याकडे आज उपासनाही नसते. परंतु प्रेषितांच्या विश्वासांगीकारात या रिकाम्या दिवसासाठी एक ओळ आहे, "तो अधोलोकात उतरला", आणि ती आपण दर रविवारी म्हणतो, पण तिथे कोणी क्षणभर थांबत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांकडे जाऊन घोषणा केली असे म्हटले आहे, आणि चौथ्या अध्यायात तर मृतांनाही सुवार्ता सांगण्यात आली असे आहे. जिथे दार कायमचे बंद आहे तिथे सुवार्ता सांगायला कोण कशासाठी जाईल, हा प्रश्न मला पहिल्यांदा कधी पडला ते आठवत नाही. पण पडल्यानंतर तो गेलेला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी आमच्या मराठी शास्त्रात "सार्वकालिक शिक्षा" असे शब्द आहेत. मी तीस वर्षे मराठी आणि हिंदी शिकवले, त्यामुळे "शिक्षा" या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. हिंदीच्या तासाला "शिक्षा का अधिकार" हे शब्द फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी म्हणे, "म्हणजे मार खायचा हक्क का, सर?" सगळा वर्ग हसे. मग मी सांगत असे की धातू एकच आहे, त्याचा अर्थ शिकणे. हिंदीने त्यातले शिकणे ठेवले आणि मराठीने छडी ठेवली.

मूळ ग्रीक शब्द "कोलासिस" आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात त्याचा आणि "तिमोरिआ"चा भेद सांगितला आहे: पहिली शिक्षा ती भोगणाऱ्यासाठी असते, दुसरी देणाऱ्याच्या समाधानासाठी. ज्या क्रियापदापासून "कोलासिस" येतो ते ग्रीक भाषेत झाडांच्या छाटणीसाठीही वापरले जाई, आणि छाटणी म्हणजे काय हे सांगोल्याकडच्या कोणत्याही डाळिंबवाल्याला समजावून सांगावे लागणार नाही. "सार्वकालिक" ज्याचे भाषांतर आहे तो "आयोनिओस" हा शब्द "आयोन" म्हणजे युग यापासून झाला आहे. येणाऱ्या युगाची शिक्षा, असाही त्याचा अर्थ घेता येतो. तथापि नुसत्या व्युत्पत्तीवर सिद्धान्ताची इमारत उभारू नये, हे मी मुलांनाही सांगत आलो. शब्द वापरता वापरता झिजतात आणि त्यांच्यातले भेद पुसले जातात. शिवाय ऑगस्टिन या जुन्या काळच्या थोर धर्मपंडिताने याच वचनावर बोट ठेवून विचारले होते की, जे विशेषण शिक्षेला तेच जीवनाला लावलेले आहे, मग एक संपणारे आणि दुसरे न संपणारे कसे? प्रश्न खरा आहे. मला इतकेच म्हणता येते की, जीवन संपत नाही ते विशेषणाच्या जोरावर नव्हे, देव संपत नाही म्हणून. ऑगस्टिनचे त्याने समाधान झाले असते असा माझा दावा नाही.

मला अधिक पटते ती खोऱ्याची गोष्ट. येशूच्या तोंडी नरकासाठी "गेहेन्ना" हा शब्द येतो, आणि ते यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव आहे. तिथे शहराचा कचरा अखंड जळत असे, असे प्रत्येक उपदेशक सांगतो, मीही सांगत होतो. पण या कथेचा ठाव तेराव्या शतकाच्या सुमारास डेव्हिड किम्ही या यहुदी भाष्यकारापर्यंतच लागतो, त्याआधीचा आधार सापडत नाही. शास्त्रात त्या खोऱ्याविषयी जे आहे ते कचऱ्याहून भयंकर आहे. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे आपली मुले अग्नीत होमिली. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात परमेश्वर त्याविषयी म्हणतो की, मी हे सांगितले नव्हते, ते माझ्या मनातही आले नव्हते. लेकरांना जाळणे ज्याच्या मनातही आले नाही, त्याच्याच नावाने आपण लेकरांना कायमचे जाळण्याची व्यवस्था सांगतो, आणि नाव मात्र त्याच खोऱ्याचे घेतो. याच यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात प्रेतांचे आणि राखेचे ते सगळे खोरे परमेश्वराला पवित्र होईल असे वचन आहे. गेहेन्नाचा शेवट कसा होतो, असे कोणी विचारले तर मी हे शेवटचे वचन उघडून दाखवीन.

शनिवार, रात्री.

दुपारी वीज गेली म्हणून थांबलो होतो.

नरकाची शिक्षा माणसाला परत आणण्यासाठी असते आणि कधीतरी संपते, हा विचार आधुनिक माणसाच्या मऊपणातून आलेला आहे असे आमचे तरुण पाळक म्हणतात. तो आहे चौथ्या शतकातला, किंबहुना त्याही आधीचा. निस्साचा ग्रेगरी हा बिशप आपली थोरली बहीण माक्रीना मृत्युशय्येवर असताना तिच्याशी झालेला संवाद लिहितो आणि त्यात तीच गुरू आहे, तो शंका काढणारा शिष्य. ती म्हणते, चिखलाने लडबडलेला दोर एखाद्या अरुंद भोकातून जोराने ओढला तर चिखल भोकाच्या कडेला खरवडून निघतो आणि दोर पुढे जातो. देव आत्म्याला आपल्याकडे ओढतो तेव्हा जी वेदना होते ती अशी. ओढणाऱ्याला दोर हवा आहे, खरवड त्या ओढीतून होते. ज्याला जितका चिखल चिकटलेला, त्याला तितकी खरवड. सातव्या शतकातला निनवेचा इसहाक याहून पुढे जाऊन सांगतो की, गेहेन्नामध्ये लोकांना जे फटके बसतात ते प्रीतीचेच असतात. आपण कोणाच्या प्रीतीविरुद्ध वागलो हे कळणे हीच तिथली आग.

ग्रेगरीच्याही आधीचा धर्मपंडित ओरिगेन याचे नाव मात्र या विचारापायी बदनाम झाले. ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने त्याच्या मतांविरुद्ध फर्मान काढले आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत त्याची गणना पाखंड्यांत झाली. ग्रेगरीला मात्र कोणी हात लावला नाही, तो आजही संत आहे.

हे सगळे दूरचे वाटते, म्हणून जवळचे एक लिहून ठेवतो. आमच्या भागात जे अमेरिकन मराठी मिशन आले, त्याचे अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम यांनी १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना, ज्यांना या जन्मी ख्रिस्त कळलाच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळू शकेल, या मताला सहानुभूती दाखवली. मोठे वादळ झाले आणि त्यांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही यावर मिशनच्या अमेरिकेतल्या मंडळात खल झाला. अखेर ते परत आले. ह्यूम काही सर्वांच्या तारणाचा सिद्धान्त मांडत नव्हते. पण मुंबईत जन्मलेला आणि नगरच्या खेड्यांतून फिरलेला माणूस हा प्रश्न टाळू शकत नव्हता, हे मी समजू शकतो. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तिचे आईबाप वाटेत मेले, येशूचे नाव कानावर न पडता. पणजी रोज रात्री प्रार्थनेत त्यांची नावे घेत असे, असे माझी आजी सांगे. तिला कोणी सांगितले नव्हते की मेलेल्यांसाठी प्रार्थना करणे आपल्या पंथात बसत नाही.

आता माझे स्वतःचे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने सहलीचे पैसे चोरले. मी छडी घेतली. तिसऱ्या छडीला त्याने कबूल केले आणि पैसे कुठे ठेवले तेही सांगितले. त्यानंतर मी आणखी पाच मारल्या. पहिल्या तीन योग्य होत्या असे आज म्हणवत नाही, पण त्यांना निदान काही हेतू होता. पुढच्या पाच माझ्या होत्या, माझ्या रागाच्या, वर्गासमोर झालेल्या माझ्या फजितीच्या. मुलाचा तळहात लाल झाला होता आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता, छडीकडे पाहत होता. ज्या शिक्षेला हेतू असतो ती हेतू साधला की थांबते. न थांबणाऱ्या शिक्षेतून भोगणाऱ्याला काय शिकायचे असते, हे मला त्या पाच छड्यांमुळे कधी कोणाला सांगता आलेले नाही, आणि देवाच्या हाती तशी छडी मी देऊ शकत नाही.

तरीही "सुधारणा" हा शब्द ऐकला की सोलापूरच्या माणसाने जरा सावध व्हावे. आपल्या गावात सेटलमेंट आहे. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवून, हजेरी घेऊन, गिरण्यांत कामाला लावून सुधारण्याचा प्रयोग चालला, आणि मिशनची माणसेही त्या कामात होती. कुंपण १९५२ पर्यंत सुटले नाही, आणि नावाला चिकटलेला डाग अजून पुरता गेलेला नाही. सुधारणारा आणि सुधारला जाणारा यांच्यामध्ये प्रीती नसेल, तर सुधारणा म्हणजे लांबलेली कैदच होते. म्हणून नरक सुधारण्यासाठी आहे एवढे म्हणून भागत नाही. सुधारतो तो कोण आहे, हे आधी पाहावे लागते.

रविवार, ५ एप्रिल. रात्री साडेनऊ.

पहाटेची पुनरुत्थानाची उपासना झाली आणि संध्याकाळी मी आत्यांकडे गेलो. दोन खोल्यांचे घर, बाहेरच्या खोलीत थोरल्याने विणलेली मोराची चादर अजून पलंगावर आहे, किनारीला एक धागा चुकलेला दिसतो. सुनेने चहा ठेवला. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. कप देताना उजवे मनगट तिला अजून पूर्ण वळवता येत नाही, हे मी आज प्रथम नीट पाहिले.

मी आत्यांना यिर्मयातले दोन्ही उतारे वाचून दाखवले आणि माक्रीनेचा दोर सांगितला. ग्रीक शब्द सांगितले नाहीत. शेवटी म्हणालो, "आत्या, दार बंद झालं असं मला वाटत नाही. त्याला शिक्षा होत असेल, पण ती त्याला परत आणण्यासाठी असेल. हा माझा विश्वास आहे; पाळकसाहेबांना विचाराल तर ते वेगळं सांगतील."

आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शिक्षा झालीच पायजे गुर्जी. लई छळलंय त्यानं. पण झाली की घरला धाडावं." आणि पदराने डोळे पुसून त्यांनी, त्याचे नाव रविवारच्या प्रार्थनेत घेता येईल का, असे विचारले. मी हो म्हणालो. चर्चमध्ये नाही जमले तर मी माझ्या प्रार्थनेत घेईन, असेही सांगितले, आणि पणजीची आठवण झाली.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. इतका वेळ ती काही बोलली नव्हती आणि तिच्याकडे मी पाहिलेही नव्हते, कारण मी आईच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन आलो होतो.

ती म्हणाली, "सोडायचं तेव्हा सोडू दे, गुर्जी. माझं काय म्हणणं नाही. पण सोडायच्या आधी मला विचारावं."

आत्यांनी मान खाली घातली. मी कप तिच्या डाव्या हातात दिला.